मत्स्यालयातील अनाहूत पाहुणा

दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात सारे काही सुरळीत चाललेले असते. मासे निरोगी असतात, पाणी स्वच्छ असते. आणि एके दिवशी दगडाच्या सावलीत, गाळणीच्या कप्प्यात, पंपाच्या नळीवर पांढुरकी, केसाळ, सुरईच्या आकाराची बारीक बोंडे दिसू लागतात. पंधरवड्यात ती डझनांनी वाढतात. घरात पहिला शब्द उमटतो ‘रोग’ आणि दुसरा ‘औषध’. या दोन शब्दांच्या मध्ये थोडा विचार झाला, तर पुष्कळ हानी टळते.

ही बोंडे म्हणजे बहुधा सायकॉन जातीचे स्पंज. स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद दीर्घकाळ चालला होता. 1825 च्या सुमारास एडिनबर्गच्या रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंजाच्या छिद्रांतून पाण्याचा प्रवाह बाहेर पडताना पाहिला आणि त्याच्या प्राणी असण्याला भक्कम आधार मिळाला. त्याला तोंड नाही, मज्जातंतू नाहीत. अंगावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून तो पाणी आत घेतो, त्यातील जिवाणू व अन्नकण गाळून घेतो आणि वरच्या मोठ्या छिद्राने पाणी बाहेर सोडतो. माशांना त्याचा उपद्रव नसतो.

तो येतो बहुधा दगड किंवा प्रवाळाबरोबर, डोळ्यांना न दिसणाऱ्या रूपात. वाढतो मात्र घरच्याच पुरवठ्यावर. माशांना दिलेले जास्तीचे खाद्य, साचलेला गाळ, लांबलेली पाणीबदली हे त्याचे भांडवल. म्हणून स्पंजांची गर्दी ही टाकीच्या जमाखर्चाची उघडी वही आहे. जमा अधिक आणि निचरा कमी, एवढेच ती सांगते.

घाईचे उपाय येथे उलटतात. स्पंज खरवडून काढले, तर पाण्यात राहिलेले काही तुकडे पुन्हा रुजू शकतात. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी 1907 मध्ये दाखवून दिले की, बारीक कापडातून गाळून पेशी सुट्या केल्या, तरी त्या एकत्र येऊन नवा स्पंज घडू शकतो. औषध टाकले, तर मेलेले स्पंज टाकीतच कुजतात, अमोनिया वाढतो आणि ज्या माशांसाठी हा खटाटोप केला, तेच दगावतात. एका जिवाच्या भीतीपोटी अनेकांचा घात होतो.

खरा उपाय संयमाचा आहे. मासे थोड्या वेळात संपवतील एवढेच खाद्य द्यावे. दर आठवड्याला सुमारे दहावा हिस्सा पाणी बदलावे. गाळणीतील गाळ वेळच्या वेळी काढावा. अन्न घटले की स्पंजांची संख्या आपोआप ओसरते. एखादा पसरणारा स्पंज प्रवाळ झाकू लागला, तर प्रवाळच दूर हलवावे. ते शक्य नसेल, तर स्पंज असलेला दगड पाण्याखालीच टाकीच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात घेऊन वेगळ्या टाकीत ठेवावा. स्पंज हवेत उघडा पडू देऊ नये. त्याच्या सूक्ष्म मार्गांत हवा अडकली, तर तो मरू शकतो.

जैन घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. स्थावर जीवही जीवच, हे संस्कार येथे लहानपणापासून होतात. त्यामुळे स्पंज हलत नाही, ही सबब पुरत नाही. पाणी गाळल्यावर गाळण्यातील जिवाणी ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत सोडण्याची रीत आहे. त्याच भावनेने एखादा सद्गृहस्थ स्पंज समुद्रात सोडू पाहील. ती दया मात्र चुकीची ठरेल. मत्स्यालयातील जीव कोणत्या सागरातून आला, हे ठाऊक नसते आणि परका जीव स्थानिक किनाऱ्यावरील जीवसृष्टीवर संकट आणू शकतो. जिवाणीच्या रीतीचे मर्म ‘ज्याचे स्थान, तेथेच’ हे आहे. या स्पंजाचे आजचे स्थान ती टाकीच होय.

मत्स्यालय घरात असावे की नसावे, हा ज्या त्या कुटुंबाच्या विवेकाचा प्रश्न आहे. पण एकदा ते मांडले की त्यातील मोलाने आणलेल्या माशाइतकीच न बोलावता आलेल्या जिवाचीही जबाबदारी घरावर येते. ती पार पाडण्यास औषधाची बाटली लागत नाही. खाद्याची चिमूट लहान केली, तरी पुष्कळ होते.