परसांतील बोरीची छाटणी

आंब्याचा मोहोर, डाळिंबाचा बहार व द्राक्षाची छाटणी यांविषयीं शेतकरी वर्गांत जितकी चर्चा होते, तितकी बोरीविषयीं होत नाहीं. परसांतील बोर बहुधा कोणीं लावलेली नसते. पडलेल्या बीवर ती आपोआप उगवते, वाढते, आणि संक्रांतीच्या वाणापुरतीं व मुलांच्या बोरन्हाणापुरतीं तिचीं बोरें झोडून घेतलीं जातात. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. झाडांच्या नोंदी पाहण्याचा प्रसंग वारंवार येई. तेथें आंबा, चिंच, सागवान यांस मान असे, बोरीस कोणी विचारीत नसे. पुढें बोरें बारीक व किडकीं निघूं लागलीं म्हणजे झाड म्हातारें झालें असें समजून कुऱ्हाडीची भाषा सुरू होते. वस्तुतः अशीं पुष्कळ झाडें म्हातारीं झालेलीं नसून केवळ न छाटलेलीं असतात.

याचें कारण बोरीच्या स्वभावांत आहे. बोरीस फूल येतें तें चालू सालच्या नव्या फुटीवर, पानाच्या बेचक्यांत. म्हणून नवी फूट जितकी जोमदार, तितकें फळ मोठें. छाटणी न केल्यास ही फूट दरसाल टोकाकडे सरकत जाते, बारीक व आंखूड होते, आणि झाडाच्या पोटांत कांट्यांची जाळी माजते. तेथें ऊन जात नाहीं, वारा जात नाहीं, हातहि जात नाहीं. बोरीस इंग्रजींत ‘इंडियन प्लम’ असेंहि एक नांव असल्यामुळें पुस्तकें वाचणाऱ्याची फसगत होण्याचा संभव आहे. खरा प्लम म्हणजे थंड मुलखांतील आलुबुखार. त्याचें फळ गतवर्षींच्या फांदीवर व जुन्या लांकडावरील आंखूड काड्यांवर धरतें. सबब तेथें हात राखून छाटावें लागतें. तो भिडस्तपणा बोरीच्या कामाचा नाहीं.

काळवेळ हीच यांतील मुख्य गोष्ट होय. कडक उन्हाळ्यांत बोर पानें टाकून विश्रांति घेते. महाराष्ट्रांत एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत छाटणी करावी. बोरें संपतांच फेब्रुवारींत हात घातल्यास कोंवळी फूट येते व ती उन्हांत करपते. उलटपक्षीं पावसाळ्यांत उशिरां छाटल्यास ज्या फुटीवर फुलोरा यावयाचा तीच आपण तोडून टाकतों. दसऱ्याच्या साफसफाईंत अंगणावर आलेल्या फांद्या सपासप उतरविणारे गृहस्थ आहेत. त्यांना पौषांत बोरें कां नाहींत याचें आश्चर्य वाटतें!

प्रथम वाळलेल्या, रोगट, एकमेकींस घासणाऱ्या व जमिनीस टेकणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्या. झाड कलमी असल्यास जोडाच्या खालून आलेली रानफूट अवश्य उडवावी; ती राहिल्यास थोड्याच वर्षांत चांगली जात मागें पडून रानबोरच उरते. नंतर गतवर्षींची प्रत्येक जोमदार फांदी सुमारें हातभर, म्हणजे १५ ते २० डोळे ठेवून कापावी व तिच्यावरील बारीक काड्या साफ कराव्या. कोयत्याचा घाव घालूं नये. त्यानें लांकूड चिरतें. बारीक फांदीस कात्री, जाड फांदीस करवत, आणि करवतीची पहिली चीर खालच्या बाजूनें द्यावी, म्हणजे फांदी पडतांना खोडाची साल सोलत नाहीं. आंगठ्याहून जाड जखमेस १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना निरनिराळे भिजवून, १ लिटर पाण्यांत एकत्र केलेला लेप लावावा. भांडें मातीचें किंवा प्लॅस्टिकचें असावें, लोखंडाचें नको.

झाड बोडकें दिसतें म्हणून पहिल्या वर्षीं घरांतून बोलणीं खावीं लागतात. तीं मुकाट्यानें ऐकावीं. पहिल्या पावसानंतर नवी फूट दिसूं लागली म्हणजे तक्रार आपोआप थांबते.

झाड रानबोरीचेंच असेल तर छाटणीनें बोरें सुधारतील, पण जात बदलणार नाहीं. असें झाड उन्हाळ्यांत जमिनीपासून दीड-दोन फुटांवर कापावें, आलेल्या धुमाऱ्यांपैकीं एक-दोन जोमदार तेवढे ठेवावे, आणि पावसाळ्यांत त्यांवर चांगल्या जातीचा डोळा भरावा. जळगांवलगतच्या मेहरूणचें बोर आकारानें बेताचें, पण गोडीस उत्तम. उमराण मोठें व बाजारास चांगलें. घरापुरतें पाहिजे असल्यास आमची पसंती मेहरूणास. जुनीं मुळें खोल गेलेलीं असल्यामुळें अशा झाडास नव्या रोपाइतकें जपावें लागत नाहीं.

किडक्या बोरांचा दोष मात्र सर्वस्वीं छाटणीच्या अभावावर घालतां येणार नाहीं. फळमाशीची अळी बोरांतून निघून जमिनींत कोष करते. करितां पडलेलीं बोरें रोज वेंचून नष्ट करावीं, आणि छाटणीनंतर झाडाखालची जमीन खणून उन्हांत तापूं द्यावी. त्याच वेळीं कुजलेलें शेणखत द्यावें.

छाटलेल्या फांद्या त्याच दिवशीं उचलाव्या. वाळल्यावर कांटे गळून अंगणभर पसरतात व अनवाणी फिरणाऱ्या मुलांच्या पायांत मोडतात. ओल्यापणींच त्यांच्या पेंढ्या बांधून मळ्याच्या कुंपणास लावल्या तर शेळ्या-मेंढ्यांपासून बचाव होतो.