जुन्या मासेमारी नौकेची दुरुस्ती व विक्री

लाकडाची पारख रंग चढण्यापूर्वी करावी, हे नागपूरच्या इतवारीलगत लकडगंजातील व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. कोकण किनाऱ्यावर जुन्या लाकडी यांत्रिक नौका एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातात, तेव्हा मात्र ताज्या रंगाला भुलण्याचा धोका असतो.

खोल समुद्रात जाणाऱ्या नौकेचे बळ तिच्या पाण्याखालील भागात असते. टेरेडो हा शिंपल्यांच्या वर्गातील जीव सूक्ष्म छिद्रातून फळीत शिरून ती आतून पोखरतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. म्हणून हातोड्याने ठोकून पाहावे आणि बद्द आवाज देणारी फळी बदलावी. गंजलेले खिळे काढावेत, सांध्यांत कापूस ठासावा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असल्याने तळ तपासणे सोपे जाते; रंगकामास मात्र उघडीप पाहावी. इंजिन बदलता येते. तळाची मुख्य तुळईच कुजली असेल, तर दुरुस्तीचा खर्च विक्रीतून निघणे कठीण.

विक्रेत्याने बदललेल्या फळ्यांची यादी लेखी द्यावी. नोंदणी, विमा आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालील परवाना दाखवावा. सहकारी संस्थेचे वा बँकेचे कर्ज असल्यास आधी बोजा उतरवावा. नोंदणी जुन्या मालकाच्याच नावे राहिली आणि समुद्रात अपघात घडला, तर भरपाईसाठी हेलपाटे तांडेल व खलाशांच्या कुटुंबीयांना घालावे लागतात.