यंत्राचा कान

मूल अक्षरे गिरविण्यापूर्वीच बोलू लागते. त्यामुळे संगणकाला आज्ञा देण्याचे सर्वांत स्वाभाविक साधन म्हणजे वाणी होय. परंतु माणसाला जे सहज साधते, तेच यंत्राला फार कठीण गेले.

१९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे यंत्र तयार झाले. ते उच्चारलेले दहा अंक ओळखीत असे. मात्र बोलणारा बदलला की त्याची जुळणी नव्याने करावी लागे. १९६२ च्या सिॲटल येथील जागतिक प्रदर्शनात मांडलेल्या ‘शूबॉक्स’ यंत्राला अवघे १६ शब्द समजत.

याचे कारण ध्वनीच्या स्वरूपात आहे. लिहिताना दोन शब्दांत मोकळी जागा सोडली जाते. बोलताना शब्द एकमेकांत मिसळतात. शिवाय प्रत्येकाच्या कंठाची ठेवण निराळी असल्याने एकच शब्द दोन मुखांतून दोन निराळ्या ध्वनिलहरींच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून आजचे संगणक असंख्य लोकांच्या ध्वनिमुद्रित बोलण्यावरून कोणत्या लहरींतून कोणता शब्द संभवतो, हे शिकतात.

साहजिकच, ज्यांचे बोलणे त्या संग्रहात नाही, त्यांचे शब्द यंत्र चुकीचे ऐकण्याचा संभव अधिक. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नसेल, तर वाणीवाचून त्याला दुसरा मार्ग नाही. तेव्हा यंत्राचा कान तयार करावयाचा, तर त्याला वऱ्हाड, कोकण आणि खानदेश येथील बोलणेही ऐकविले पाहिजे.