आबा, पातं कोणतं घेऊ?

दोस्तांनो, लॉनमोअर पाहिलाय का तुम्ही? मोठ्या बागेत, क्रिकेटच्या मैदानावर किंवा एखाद्या सोसायटीच्या हिरवळीवर घर्र घर्र करत फिरणारं ते यंत्र. माळीकाका मागून ढकलत असतात आणि गवत कसं एकसारखं, नुकतेच केस कापल्यासारखं होत जातं! बघत उभं राहावंसं वाटतं. पण त्या यंत्राच्या पोटात काय असतं आणि कापलेलं गवत जातं कुठे, असा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला?

माझ्या भाच्याला पडला. पडला म्हणजे काय, थेट त्याच्या पाठीवरच येऊन पडला!

हा भाचा चौदा वर्षांचा, राहतो अमेरिकेत, न्यू जर्सीमध्ये. तिथे घराच्या पुढे-मागे हिरवळ असते आणि ती कापायला माळीकाका येतीलच असं नाही. बऱ्याच घरांत ते काम मुलांकडे. आमच्या भाच्याचा शनिवार त्यातच जायचा. त्याच्या यंत्राच्या मागे एक पिशवी लावलेली. दर दहा मिनिटांनी ती गवतानं भरायची. मग यंत्र बंद करा, पिशवी सोडवा, मोठ्या कागदी पोत्यात रिकामी करा आणि पोतं ओढत रस्त्याकडेला नेऊन ठेवा. ओलं गवत किती जड असतं म्हणता! असणारच. त्याच्या वजनात ऐंशी टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी असतं. एका शनिवारी त्यानं नऊ पोती ओढली.

त्यातच यंत्राचं पातं झिजलं. नवं आणायला तो वडिलांबरोबर दुकानात गेला, तर समोर दोन पाती. एक नेहमीचं, साधं. दुसरं ‘मल्चिंग’चं, जरा महाग. कोणतं घ्यावं? त्यानं तिथूनच फोन लावला, तो थेट सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी, आमच्या आबांना!

आबांनी लॉनमोअर जन्मात चालवलेला नाही. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला, “कापलेलं गवत तू टाकतोस कुठं?”

“पोत्यात भरून देऊन टाकतो, आबा.”

“आणि हिरवळीला खत?”

“ते बाबा दुकानातून आणतात.”

आबा खो खो हसले. “म्हणजे घरचं फेकायचं आणि बाजारचं आणायचं! अरे, आम्हीसुद्धा वर्षानुवर्षं हेच केलं. पाचट पेटवून दिलं आणि मग खताची पोती आणायला धावलो.”

पाचट म्हणजे काय, हे शहरातल्या मंडळींना सांगायला हवं. ऊस तोडला की त्याची वाळलेली पानं रानात पडून राहतात, ते पाचट. एका हेक्टरमध्ये आठ-दहा टन निघतं! पूर्वी ते सर्रास जाळायचे. आता कृषी विद्यापीठं आणि कृषी खातं सांगतं, की जाळू नका. त्याची कुट्टी करा आणि खोडव्याच्या सरीत पसरून ठेवा. जमिनीची ओल टिकते, तण कमी उगवतं आणि पाचट कुजलं की त्याचं खत होतं. यालाच आच्छादन म्हणतात, आणि इंग्रजीत मल्चिंग!

यंत्राच्या पोटात

आता जरा यंत्राकडे वळू. पूर्वी इंग्लंडमधल्या मोठमोठ्या बंगल्यांची हिरवळ लांब दांड्याच्या विळ्यांनी कापत. १८३० साली ग्लॉस्टरशरमधल्या एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याला ही कल्पना कुठे सुचली, सांगा पाहू? कापड गिरणीत! लोकरी कापडावरचे उभे राहिलेले धागे तासणारं एक यंत्र तिथे होतं. त्याच्या रुळावर गोल फिरणारी पाती बसवलेली असत. बडिंगला वाटलं, कापड तासता येतं तर हिरवळ का नाही?

बडिंगचं यंत्र कात्रीसारखं कापत असे. आज घरोघरी जे यंत्र दिसतं ते निराळं. त्यात एकच आडवं पोलादी पातं भोवऱ्यासारखं गरगर फिरतं. किती जोरात? चला, गणित करू. पातं ५३ सेंटिमीटर लांब आणि मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५०. एका फेऱ्यात पात्याचं टोक सुमारे १.६६ मीटर जातं. म्हणजे सेकंदाला ८३ मीटर आणि ताशी जवळजवळ ३०० किलोमीटर! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन पाती, दोन स्वभाव

साधं पातं बहुतेक सरळ असतं. धार दोन्ही टोकांना, आणि धारेच्या मागची कड वर वळवलेली, विमानाच्या पंखासारखी. पातं फिरलं की ही वळलेली कड हवा वर ओढते. वाकलेलं गवत ताठ उभं राहतं, कापलं जातं आणि हवेच्या झोतानं मागच्या पिशवीत किंवा बाजूच्या तोंडातून बाहेर फेकलं जातं. एकदा कापलं की काम संपलं.

मल्चिंगचं पातं नागमोडी असतं आणि त्याची धारही जास्त लांब असते. शिवाय यंत्राचं बाहेर फेकायचं तोंड झाकण लावून बंद करतात. मग कापलेलं गवत जाणार कुठे? ते यंत्राच्या पोटातच घिरट्या घेतं आणि पुन्हा पुन्हा पात्याखाली येतं. त्याचा अगदी बारीक चुरा होतो आणि तो हिरवळीच्या बुडाशी जमिनीवर झिरपल्यासारखा पडतो. वरून पाहिलं तर दिसतसुद्धा नाही!

बारीकच का करायचं? आई चटणीसाठी खोबरं खिसून घेते ना, तसंच. तुकडे जितके बारीक, तितका जिवाणूंना आणि गांडुळांना त्यांचा फडशा लवकर पाडता येतो. हिरव्या गवतात नत्र भरपूर असतं, त्यामुळे ते पाचटापेक्षा किती तरी लवकर कुजतं. कापलेलं गवत वर्षभर जागेवरच राहू दिलं, तर हिरवळीला लागणाऱ्या खतापैकी सुमारे पाव हिस्सा त्यातूनच भागू शकतो, असं तिथले शेतीतज्ज्ञ सांगतात.

आणि पोत्यात भरून दिलेल्या गवताचं काय होतं? गवत, पानं, फांद्या असा बागेतला कचरा २०१८ साली अमेरिकेच्या एकूण नागरी कचऱ्याच्या सुमारे १२ टक्के होता. त्यातला बराचसा खतासाठी कुजवतात, पण काही जमिनीत पुरलाही जातो. हवा न मिळता गवत कुजलं की त्यातून मिथेन वायू निघतो, आणि तो पृथ्वीचा ताप वाढवतो.

मग ठरलं! भाच्यानं मल्चिंगचं पातं घेतलं. पोती बंद, ओढाओढ बंद. स्वारी खूश!

मग बिघडलं कुठे?

जूनअखेर ही मंडळी तीन आठवडे आबांकडे आली. परत गेली तर हिरवळीचं रान झालेलं. आदल्या दिवशी पाऊसही पडून गेलेला. पण भाच्याला घाई! त्यानं तेच पातं लावून एका दमात सगळं गवत बुटकं केलं. यंत्र गुरगुरलं, दोनदा बंद पडलं आणि मागे ओल्या गवताचे गोळेच गोळे पडले. ते त्यानं तसेच सोडले. काही दिवसांनी पाहतो तर गोळ्यांखालचं गवत पिवळं!

पुन्हा फोन. “आबा, तुमचं चुकलं! साधं पातंच बरं होतं.”

आबा शांतपणे म्हणाले, “पाचट तरी आम्ही एका जागी ढीग करून ठेवतो का रे? ढिगाखाली कोंब गुदमरतो. ते पसरावं लागतं, आणि वेळेवर पसरावं लागतं. पात्याला बोल लावू नकोस.”

खरंच होतं ते. मल्चिंगचं पातं तेच गवत चार-चारदा कापतं, म्हणून त्याला ताकद जास्त लागते. ओलं गवत चिकटतं, त्याचे गोळे होतात. आणि उंच गवत एकदम कापलं, तर एवढा चारा त्या बंद पोटात मावणार कसा?

हिरवळ कापणाऱ्यांचा एक जुना नियम आहे. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. हिरवळ ८ सेंटिमीटर ठेवायची असेल, तर ती १२ सेंटिमीटर झाली की कापा. २४ सेंटिमीटर वाढली तर? आधी १६ वर आणा. काही दिवसांनी ११ वर, आणि मग ८ वर. पानं हा गवताचा स्वयंपाकघर असलेला भाग. तोच एकदम छाटला तर गवतानं जेवायचं काय?

तर कोणतं पातं घ्यावं?

पालकांनो, हा भाग तुमच्यासाठीही. गवत कोरडं असताना, थोडं थोडं आणि नेमानं कापायची सवय असेल, तर मल्चिंगचं पातं घ्या. शरद ऋतूत झाडांची वाळकी पानं पडतात, त्यांचाही ते छान चुरा करतं. पण कापणी लांबत असेल, गवत उंच किंवा ओलं असेल किंवा यंत्र कमी ताकदीचं असेल, तर साधं पातं बरं. त्याचं गवत पिशवीत जमवून खताच्या खड्ड्यात टाकता येतं. म्हणजे तेही वाया जात नाही! पातं कोणतंही घेतलं, तरी त्याची लांबी आणि मधलं भोक आपल्या यंत्राला जुळतं ना, हे यंत्राच्या माहितीपुस्तकात पाहूनच घ्या.

आणि धार! बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं. मग शेंडे पांढुरके, तपकिरी होतात. खोडव्याचे बुडखे छाटायला आबा धारदार कोयताच का घेतात, ते आता कळलं ना?

आता तो ताशी ३०० किलोमीटरचा आकडा आठवा. त्या वेगानं उडालेला खडा डोळाही फोडू शकतो. म्हणून आधी हिरवळीवरचे दगड, तारा, खेळणी वेचा. पायात बूट आणि डोळ्यांना चष्मा हवाच. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात, की बारा वर्षांखालच्या मुलांनी हे यंत्र ढकलू नये. सोळा वर्षांखालच्यांनी बसून चालवायचं यंत्र चालवू नये. पातं बदलणं हे तर मोठ्या माणसांचंच काम! पेट्रोलच्या यंत्राची स्पार्क प्लगची वायर काढायची, बॅटरीच्या यंत्राची बॅटरी काढायची, विजेच्या यंत्राचा प्लग काढायचा, आणि मगच पात्याला हात लावायचा.

आमच्या भाच्यानं काय केलं? दोन्ही पाती ठेवली! सुटीहून आल्यावर वडील साधं पातं बसवून देतात आणि तो टप्प्याटप्प्यानं उंची खाली आणतो. एरवी मल्चिंगचं पातं. शनिवारी तासाभरात मोकळा, आणि खताचं दुकानही आता कमी वेळा लागतं.

तुमच्याकडे हिरवळ नसेल, तरी हा प्रयोग करून पाहा. दोन कुंड्या किंवा नारळाच्या करवंट्या घ्या आणि दोन्हींत ओलसर माती भरा. एकीवर मूठभर हिरव्या गवताचा गोळा ठेवा. दुसरीवर चिमूटभर गवत कात्रीनं अगदी बारीक करून पातळ पसरा. दोन्हींवर रोज थोडं पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांनी वास घ्या, बोटानं उकरून पाहा, आणि काय दिसलं ते वहीत लिहून ठेवा. आजी-आजोबांनाही दाखवा बरं का! त्यांना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळत असतं.