फोल्डर अडकतंय? आधी निदान, मग औषध

रविवारची सकाळ. नातवाच्या बारशाचे फोटो आजी-आजोबांना दाखवायचे आहेत. फोटो आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये. हॉलमधल्या लॅपटॉपवर ते फोल्डर उघडलं की निळं वर्तुळ गरगरत राहतं आणि वरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकते. मध्येच सगळी खिडकी पांढरी पडते. चहा गार होतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘नेट स्लो आहे, प्लॅन वाढवून घ्या.’

प्लॅन वाढतो, बिल वाढतं, फोल्डर मात्र तसंच अडकतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! कारण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारा फोटो घराबाहेर जातच नाही. तो एका कॉम्प्युटरवरून राउटरकडे आणि तिथून दुसऱ्या कॉम्प्युटरकडे जातो. इंटरनेट पूर्ण बंद असलं, तरी राउटर चालू असेल तर फोल्डर उघडतं. म्हणून दुखणं घरातच शोधायला हवं आणि तेही क्रमाने.

पहिली तपासणी डिस्कची. फोल्डर ज्या कॉम्प्युटरवर आहे, त्याच्यासमोर जाऊन बसा. नेटवर्क मध्ये न आणता तिथेच फोटो चाळा, एखादा मोठा व्हिडिओ चालवा. तिथेही अडकत असेल, तर दोष नेटवर्कचा नाही. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, काही फाइल उघडताना चूक दाखवली जात असेल, तर ती डिस्क अखेरच्या टप्प्यात असू शकते. अशा वेळी सेटिंगशी खेळत बसू नका. सगळ्यात महत्त्वाच्या फाइल आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, बाकीचं नंतर. ‘नेटवर्क स्लो’ म्हणून महिनोन्‌महिने चालवून घेतलेली तक्रार कधी कधी मरणाऱ्या डिस्कची हाक असते. डिस्कची प्रकृती दाखवणारी क्रिस्टलडिस्कइन्फोसारखी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. त्यांचा इशारा गांभीर्यानं घ्यावा, पण ‘सगळं ठीक’ असा शेरा म्हणजे हमी नव्हे.

फक्त पहिले काही सेकंदच अडकून नंतर सगळं सुरळीत होत असेल, तर काळजी नको. वापर नसताना डिस्क झोपी जाते. तिला पुन्हा फिरायला लागायला थोडा वेळ लागतो इतकंच.

दुसरी तपासणी रस्त्याची. दोन्ही कॉम्प्युटर वाय-फायवर असतील, तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा प्रवास करते: एकदा राउटरपर्यंत, एकदा तिथून पुढे. वाय-फायच्या एका वाहिनीवर एका वेळी साधारण एकानेच बोलायचं असतं, त्यामुळे वेग तिथेच निम्म्यावर येतो. त्यातून २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरत असाल, तर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हे सगळे त्याच गर्दीत. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान असतो, पण भिंती ओलांडताना तो लवकर दमतो. निदान फोल्डर असलेला कॉम्प्युटर तरी केबलने राउटरला जोडा. फरक लगेच जाणवेल.

केबल असूनही वेग कमी असेल, तर विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ पाहा. तिथे १००० ऐवजी १०० दिसलं, तर केबल किंवा राउटर संशयित. गिगाबिटच्या वेगाला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एखादी तार तुटली की जोडणी गुपचूप खालच्या वेगावर येते. ४ जीबीचा व्हिडिओ गिगाबिटवर साधारण ३५ ते ४० सेकंदांत जाऊ शकतो, १०० मेगाबिटवर त्याला साडेपाच मिनिटं लागतात. मात्र काही स्वस्त राउटरच्या खोबणीच १०० मेगाबिटच्या असतात, तिथे केबल बदलून उपयोग नाही.

तिसरी तपासणी सवयींची. एक मोठी फाइल भराभर जाते, पण तेवढ्याच आकाराच्या हजारो छोट्या फाइल रेंगाळतात. प्रत्येक फाइलसाठी दोन्ही कॉम्प्युटरमध्ये ‘उघडू का, लिहू का, बंद करू का’ अशी विचारणा होते. अशा फाइल एका झिपमध्ये बांधून पाठवाव्यात. व्हिडिओंनी भरलेलं फोल्डर उघडतानाच अडकत असेल, तर विंडोज प्रत्येकाचं छोटं चित्र बनवत बसलेलं असतं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘कस्टमाइझ’मध्ये ‘जनरल आयटम्स’ निवडा. तसंच, पूर्वी जोडलेल्या आणि आता अस्तित्वात नसलेल्या नेटवर्क ड्राइव्हची नावं काढून टाका. विंडोज त्या हरवलेल्या दाराची कडी वाजवत थांबतं आणि खिडकी गोठते.

आता एक सावधगिरी. फोल्डर जुन्या उपकरणावर असेल आणि नव्या लॅपटॉपवर उघडत नसेल, तर ‘एसएमबी-१ सुरू करा’ असा सल्ला हमखास मिळतो. एसएमबी ही फोल्डर शेअर करण्याची भाषा, आणि पहिली आवृत्ती तिचं जुनं, गळकं रूप. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसनं याच आवृत्तीतल्या छिद्रातून जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला तर शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. छिद्र बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं, पण अनेकांनी ते घेतलं नव्हतं. त्यामुळे एसएमबी-१ सुरू करण्यापेक्षा त्या उपकरणाचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. ते शक्य नसेल, तर त्यातल्या फाइल बाहेर काढून त्याला निवृत्ती द्या.

शेवटी दोन गोष्टी लक्षात असू द्या. अडकणाऱ्या नेटवर्कवर फाइल ‘कट’ करू नका. ‘कॉपी’ करा, पलीकडे उघडून पाहा, मगच मूळ फाइल पुसा. आणि शेअर केलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. चार कॉम्प्युटरवरून दिसणारा फोटो प्रत्यक्षात एकाच डिस्कवर असतो. ती गेली की चारही ठिकाणांहून तो एकदमच जातो. बारशाच्या फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढायला आजचा रविवार पुरेसा आहे.