दाताच्या इम्प्लांटभोवती जिवाणू काय करतात?

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दाताच्या आकाराची कॅप. हाड या धातूला घट्ट धरून ठेवतं, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना सशांवरच्या प्रयोगांत दिसलं आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले. धातूला कीड लागत नाही, म्हणून पुष्कळ जण निर्धास्त होतात. पण भोवतीची हिरडी आणि हाड आपलंच असतं. दगा होतो तो तिथे.

स्क्रू तोंडात येताच काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा त्यावर बसतो. पाठोपाठ जिवाणू येतात. पहिले येणारे बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस कुळातले. त्यांना प्राणवायू चालतो आणि सहसा ते त्रास देत नाहीत. निरोगी इम्प्लांटभोवतीही जिवाणू असतातच, मुख्यतः हे असे.

जिवाणूंचा हा थर रोज निघाला नाही तर जाड होतो आणि तळाशी प्राणवायू पोहोचत नाही. मग फ्यूसोबॅक्टेरियम नावाचे लांबट जिवाणू शिरतात. ते आधीच्यांना धरून बसतात आणि नंतर येणाऱ्यांना आधार देतात. नंतर येतात पॉर्फिरोमोनास जिंजिवालिस आणि ट्रेपोनेमा यांसारखे प्राणवायू टाळणारे. हिरडी सुजली की तिच्यातून पाझरणारा द्रव आणि रक्त हेच त्यांचं खाद्य. म्हणजे सूज त्यांना पोसते आणि ते सूज वाढवतात.

हे येतात कुठून? बहुतेकदा शेजारच्या दातांच्या हिरड्यांतून. म्हणून पायोरिया असेल तर आधी त्याचे उपचार, मग इम्प्लांट. घाईत हा क्रम उलटा झाला की पुढे महागात पडतं.

खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते धातूला समांतर नुसते टेकून असतात, शिवाय तिथे रक्तवाहिन्याही कमी. त्यामुळे आत शिरणाऱ्या सुजेला अडसर कमी.

पहिल्या टप्प्यात फक्त हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं. याला म्यूकोसायटिस म्हणतात, आणि इथून परत फिरता येतं. प्रयोगात स्वयंसेवकांनी तीन आठवडे ब्रश बंद ठेवला तेव्हा ही सूज आली. साफसफाई पुन्हा सुरू झाल्यावर ती उतरू लागली.

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. रक्त दिसलं की आपण तिथे ब्रश लावायचंच सोडून देतो. हिरडीला आराम मिळेल, असं वाटतं. आराम मिळतो तो जिवाणूंना. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवून हलकेच फिरवावा. कॅपच्या दोन्ही बाजूंच्या फटीत बाटली धुण्याच्या ब्रशसारखा छोटा इंटरडेंटल ब्रश घालावा, आणि जिभेकडची बाजू विसरू नये. फटीत ब्रश शिरतच नसेल तर कॅपचा आकार चुकला असण्याची शक्यता आहे; डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. कॅप चिकटवताना हिरडीखाली राहून गेलेलं सिमेंटही हेच दुखणं सुरू करतं. धूम्रपान आणि हाताबाहेर गेलेला मधुमेह यांनी धोका आणखी वाढतो.

दुसरा टप्पा पेरि-इम्प्लांटायटिस, म्हणजे सुजेबरोबर हाडही झिजू लागणं. बऱ्याचदा दुखत नाही, हीच त्यातली मेख. हाड खाली गेलं की स्क्रूचे आटे उघडे पडतात. हाडाने पकड घ्यावी म्हणून मुद्दाम खरखरीत ठेवलेला हा पृष्ठभाग आता जिवाणूंना सोयीचा होतो. ब्रश तिथवर पोहोचत नाही. काही रुग्णांत इथे स्टॅफिलोकॉकसही सापडतो, त्यामुळे एकाच जिवाणूवर बोट ठेवता येत नाही.

नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी काम भागत नाही, कारण थरात दडलेल्या जिवाणूंपर्यंत औषध नीट पोहोचत नाही. थर खरवडूनच काढावा लागतो. हाड बरंच झिजलं असेल तर हिरडी उघडून.

हाड झिजलं का, हे कळायला तुलना लागते. म्हणून कॅप बसवल्यानंतर काढलेला एक्स-रे मागून घ्यावा आणि फाइलमध्ये ठेवावा. तो नसेल तर 2017 च्या जागतिक कार्यशाळेत ठरलेले निकष वापरतात: रक्त किंवा पू येणं, हिरडी आणि इम्प्लांट यांच्यामध्ये 6 मिलिमीटर किंवा अधिक खोल फट आणि 3 मिलिमीटर किंवा अधिक खाली गेलेलं हाड. इतकं होईपर्यंत थांबण्यापेक्षा जुना एक्स-रे हाताशी असलेला बरा.