मनगटावरचं चामडं

काउबॉयचं चित्र पाहताना लोकांची नजर आधी टोपीवर जाते, मग कमरेच्या पिस्तुलावर. मी सोलापूरचा, चामड्याच्या कामातला. माझी नजर मनगटावर जाते. तिथे पाच ते सात इंच लांबीचा जाड पट्टा असतो. मनगटाशी अरुंद, कोपराकडे रुंद होत गेलेला. खाली टिचबटण, वर वादी नाहीतर बक्कल.

या पट्ट्याला झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं लागतं. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा, अमेरिकेत ओक आणि हेमलॉकची साल. असं चामडं ओलं करून ठसा मारला, की वाळल्यावर नक्षी टिकते आणि पट्टाही ताठ राहतो. नक्षी हौसेची, ताठपणा मात्र गरजेचा.

ती गरज समजायला तिथल्या गुराख्याचं काम पाहावं लागतं. 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात गुरं माळावर मोकाट चरत होती. 1867 पासून कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनच्या रेल्वेपर्यंत कळप हाकत नेणं सुरू झालं. दोन-तीन हजार जनावरांमागे माणसं दहाबारा. जनावराच्या नाकात वेसण नाही, गळ्यात दावं नाही. डाग द्यायला वासरू धरायचं तर घोड्यावरून फास टाकायचा. फास बसला की दोर खोगिराच्या पुढच्या खुंटीला गुंडाळायचा. पलीकडे जनावर उसळ्या मारतंय आणि दोर सर्रकन हातावरून घासत जातोय. अशा वेळी मनगटाची सालटी निघायची, सदऱ्याची बाही फाटायची. त्यात काटेरी झुडपं होतीच. 1874 मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट मिळवल्यावर पुढे तारांची कुंपणंही वाढली. शिवाय तयार सदऱ्यांच्या बाह्या बऱ्याचदा लांब असत. पट्ट्याने त्या जागेवर राहत, झिजतही कमी.

हे पट्टे साधारण 1880 च्या दशकापासून दिसू लागतात. लांबवर कळप हाकण्याचे दिवस तेव्हा सरत आले होते. 1886-87 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात माळावरची गुरं कळपाकळपाने मेली आणि मोकाट चराईचा धंदा मोडला. कुंपणाच्या आत फास टाकायचं काम मात्र चालूच राहिलं. डेन्व्हरचे हायझर, प्यूब्लोचे फ्रेझर असे नामांकित खोगीरवाले छापील कॅटलॉग काढत आणि त्यात हे पट्टेही असत. पट्ट्यांवर तारे आणि फुलं उमटली, धातूच्या टिकल्या लागल्या. मग मूकपटांतले विल्यम हार्ट आणि टॉम मिक्स असे पट्टे घालून पडद्यावर आले. 1930 च्या पुढे रँचवरच्या कामकरी हातांवर ते कमी होत गेले आणि लहान मुलांच्या काउबॉय-पोशाखात जाऊन बसले.

आता आपल्याकडचं बघू. सोलापूर जिल्हा खिलार बैलांचा. पांढरट-करडं अंग, मागे वळलेली लांब शिंगं, चालीला चपळ आणि स्वभावाने तापट. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, तेव्हा विजापूर रस्त्याला रेवणसिद्धेश्वराजवळ जनावरांचा बाजार असतो. सांगोल्याला दर रविवारी बाजार, कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीला. इतकी गुरं, इतके दोर, आणि मनगटी पट्टा मात्र कुणाच्याच हातात नाही. असं का?

उत्तर बैलाच्या नाकात आहे. खोंड वयात आला की त्याला वेसण घालतात. नाकाचा पडदा नाजूक. वेसणीला हिसका बसला की कळ जाते, म्हणून बैल सहसा जोर लावून ओढत नाही. दांडगा खिलारही हलक्या हाताने वळतो. शिवाय हे जनावर रोजच्या कामाचं, दावणीला बांधलेलं, नावाने हाक मारलेलं. त्याला पळत जाऊन धरायची वेळ क्वचितच येते. बिथरलाच तर कासऱ्याने तळहात सोलतो, तेवढ्यापुरतं लोक हाताला उपरणं गुंडाळतात.

म्हणजे तिकडे चामडं माणसाच्या हातावर चढलं, इकडे ते जनावराच्या अंगावर गेलं. घुंगुरमाळेचा पट्टा, जुवाचं जोत, चाबकाची वादी. सगळ्यांत मोठं काम मोटेचं. विहिरीतून पाणी उपसणारी ती चामड्याची पिशवी, तिला वर जाड नाडा, खाली सोंडेला बारीक सोंदूर, आणि उताराच्या धावेवरून चालणारी बैलजोडी. मोट फाटली की पाणी थांबलं, म्हणून चर्मकाराला तातडीचं बोलावणं यायचं. पुढे इंजिन आलं, विजेचा पंप आला आणि मोट अडगळीत गेली. मग ट्रॅक्टर आले, दावणीचे बैल घटले. आता घुंगुरपट्ट्यांना मुख्य मागणी बेंदराला. काउबॉयचा पट्टा कामातून सिनेमात गेला, आमचा शेतातून मिरवणुकीत.

अलीकडे मोटारसायकलवाली पोरं मोबाईलवर फोटो दाखवून तसलेच मनगटी पट्टे मागतात. मी म्हशीच्या चामड्याचे करून देतो. घेताना त्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. पट्टा दुमडला तर वरचा थर तडकता कामा नये. तडकला तर ते रेक्झिन, भुशाचं दाबलेलं किंवा हलकं चामडं असू शकतं. आणि कापलेली कड बघावी, तिथे खरे तंतू दिसतात. माप घेण्याआधी मी प्रत्येकाला विचारतो, "दोर ओढायचाय की फोटो काढायचाय?" फोटोसाठी पातळ, मऊ चामडं छान बसतं. दोर ओढायचा असेल तर जाड घ्यावं लागतं, आणि ते पहिले काही दिवस टोचतं. ते ऐकून बहुतेक जण पातळच घेतात.